परसातला खड्डा

आमच्या गल्लीला कोंबड्यांचा नाद लावला तो सिस्टरनी. त्याआधी आमच्या पोरांना अंडं दुकानातल्या ट्रेमध्येच तयार होतं असं वाटायचं.

सिस्टर साथीच्या रोगांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरीला होत्या. बारीक चणीच्या, ताठ पाठीच्या, चालताना चपलेचा आवाज न करणाऱ्या. गल्लीत कुणाला ताप आला की आधी त्यांच्या दारात जायचं आणि मग डॉक्टरकडे, अशी सगळ्यांना सवयच पडली होती. बोलायला गोड म्हणाल तर मुळीच नाही. "तीन दिवस काय करत होतीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. माझ्या सासूच्या आजारपणात मलाही विचारला होता. 

निवृत्त झाल्यावर आठच दिवसांत त्यांनी घरामागची पट्टी खणायला घेतली. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, मागे लांबट मोकळी जागा. जागा कसली, घर बांधताना उरलेल्या विटा, सिमेंटचे गोळे आणि फुटक्या फरश्या यांचा ढीग. मी शिवणकाम करते. माडीवरची माझ्या मशीनची खिडकी त्यांच्या मागच्या अंगणाकडे उघडते, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे. वर्षभर त्या बाई सकाळी तास-दोन तास नुसते दगड वेचत होत्या. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्यात फिटर होते. सगळे त्यांना फिटरच म्हणायचे. मोजकं बोलणारे, हाताने मात्र काहीही करतील असे. त्यांनी जुन्या पाइपांचं कुंपण केलं, टाकी बसवली, भंगारातल्या पत्र्यांचं खुराडं उभं केलं. त्याला खालून जाळी, वरून झाकण, अंडी काढायला बाहेरून उघडणारी खिडकी. असं खुराडं की त्यात माणसाने राहावं.

पण सिस्टरचा सगळा जीव होता खताच्या खड्ड्यात. परसात, कुंपणाला लागून, कमरेएवढा खोल. घरातला भाजीपाला, झाडांचा पाला, भुसा, खुराड्यातली विष्ठा, सगळं थरावर थर. कोंबड्या दिवसभर त्यात उकरत, किडे वेचत, तेवढंच खत हलवून द्यायच्या. चार वर्षांत त्या विटांच्या ढिगावर अशी काळी, भुसभुशीत माती झाली की हातात घेतली तर मूठ सोडवत नसे. वांगी, टोमॅटो, पालक, मुळा, कोबी, भिंतीवर चढलेला भोपळा. आम्ही बायका मागायला गेलो की सिस्टर भाजी द्यायच्या आणि वर विचारायच्या, "तुझ्या अंगणात जागा नाही का?"

अशाने गल्लीत एकेकीने कोंबड्या ठेवल्या. नऊ घरांत झाल्या. माझ्याकडे चार होत्या. कसं पाळायचं ते सगळं सिस्टरनी शिकवलं. पाणी रोज बदलायचं. आजारी दिसली की बाजूला काढायची. आणि नवी कोंबडी आणली तर पंधरा दिवस वेगळी ठेवायची, काही झालं तरी वेगळी. हे त्या इतक्यांदा सांगायच्या की आम्ही त्यांच्या पाठीमागे नक्कल करायचो.

सगळ्यांत जास्त कोंबड्या होत्या धाकटीच्या. धाकटी म्हणजे सिस्टरची जाऊ, फिटरच्या धाकट्या भावाची बायको. वडिलोपार्जित जागेचे दोन भाग झालेले, अर्ध्यात हे, अर्ध्यात ती. मध्ये पाइपांचं कुंपण आणि त्यात एक लहानसं फाटक. धाकटीचा नवरा अचानक गेला तेव्हा ती चाळिशीची होती. मूलबाळ नाही, शिक्षण बेताचं. सिस्टरनीच तिला पहिल्या सहा कोंबड्या दिल्या आणि म्हणाल्या, "रडायचं तेवढं रड, पण सकाळी यांना दाणे टाकून मग रड." सहाच्या पंचवीस झाल्या. धाकटी अंडी विकू लागली, तिचं घर त्यावर चालू लागलं. आपल्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या तर ओळखू याव्यात म्हणून ती त्यांच्या पायांत रंगीत प्लास्टिकच्या कड्या घालायची. जावाजावांचं फार गूळपीठ होतं असं नाही, पण फाटक दिवसभर उघडं असायचं. या जावेचा पालक त्या जावेकडे, त्या जावेचा भुसा या जावेकडे, असं चाललेलं.

त्या वर्षी थंडी जरा जास्तच होती. एका शनिवारी सकाळी मी मशीनवर बसले आणि पाहिलं तर सिस्टर खुराड्यासमोर उभ्या, हातात दवाखान्यातले रबरी हातमोजे. तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. चौथी डोकं पिसांत घालून बसली होती. तिचा तुरा जांभळा-काळा पडलेला आणि डोळे सुजून मिटलेले. आदल्या संध्याकाळी सगळ्या धडधाकट होत्या.

मी खाली गेले. धाकटीही फाटकापाशी आली. पण आत आली नाही.

"थंडीने गेल्या असतील," ती म्हणाली. "पुरून टाका ताई. खड्डा मी काढून देते."

"थंडीने तुरा काळा पडत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग काय, डॉक्टरला बोलवणार कोंबड्यांसाठी?"

"बोलवायला नको, मीच जाते."

धाकटीने फाटकाची कडी धरली होती. ती म्हणाली, "ताई, जरा विचार करा. ते लोक आले तर एका कोंबडीवर थांबत नाहीत. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीत काय केलं ऐकलंत ना? माझं काय होईल?"

सिस्टरनी आजारी कोंबडी टोपलीखाली झाकली. मग म्हणाल्या, "हे माणसालाही लागू शकतं. तुझ्याकडून अंडी घेणारी चाळीस घरं आहेत. त्यांत लहान पोरं आहेत. मी बत्तीस वर्षं लोकांना सांगितलं, लपवू नका. आता माझ्याच घरात निघालं म्हणून लपवू?"

"तुमच्या घरात दोन पेन्शनी येतात," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

सिस्टर पिशवीत पिशवी घालून एक मेलेली कोंबडी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुझ्या चार आत कोंड. हात धू." मी खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. मलाही वाटलं, काय गरज होती.

नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं. बर्ड फ्लू. त्याच दुपारी दोन गाड्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पांढरे डगले घातलेली, तोंड-डोळे झाकलेली माणसं उतरली. जनावरांचे डॉक्टर पुढे होते, तरुणच होते, बोलायला बरे होते. त्यांनी कागद वाचून दाखवला. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, अंडी, दाणा, खुराड्यातला पेंढा जाळायचा, तीन महिने कुणी नवीन पक्षी ठेवायचा नाही.

मी माझ्या चार स्वतः धरून दिल्या. त्यांच्या हातात देताना एकीने माझ्या बोटाला चोच मारली. रोज मारायची तशीच, हळू. नऊ घरांतून पोती बाहेर आली. पोती हलत होती, मग हलायची थांबली. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

धाकटीकडे सगळ्यात वेळ लागला. तिच्याकडची एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, अठरा दिवस झाले होते. धाकटी टोपलीवर हात ठेवून बसली. डॉक्टर म्हणाले, "बाई, मला हे आवडत नाही, पण करावं लागतं." त्यांनी तिला विचारलंही, की तुमच्याकडे गेल्या आठ-दहा दिवसांत कोंबडी मेली का, नवीन आणली का. ती म्हणाली, "माझी एकही मेली नाही. जे झालं ते पलीकडून आलं." असं म्हणताना तिने फाटकाकडे बोट दाखवलं. फाटकाच्या पलीकडे सिस्टर उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे फिटर. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. फिटर खाली बघत होते.

जाताना त्या माणसांनी सिस्टरच्या खताच्या खड्ड्यावर चुन्याची भुकटी टाकली, वर माती ओढली आणि तीन महिने हात लावायचा नाही असं सांगितलं.

त्यानंतर गल्लीने सिस्टरना वाळीत टाकलं. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, आपोआप झालं. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या आल्या की बोलणं थांबायचं. तापाच्या पोराला घेऊन आया परस्पर डॉक्टरकडे जाऊ लागल्या. एका सकाळी त्यांच्या कोबीच्या वाफ्यात कुणी फिनेल ओतलेलं निघालं. दुकानदार तर त्यांच्या तोंडावर म्हणाला, "सरकारकडून बक्षीस मिळालं का हो सिस्टर?" आणि दुकानातली चार माणसं हसली. मीही तिथेच होते. मी हसले नाही, पण गप्प बसले. त्यात फार फरक नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आणि धाकटीचं दुःख सगळ्यांनी उचलून धरलं. भरपाई मिळाली, ती महिनाभर पुरली असेल. मग तिला कुणी धान्य निवडायला बोलवायचं, कुणी धुणं द्यायचं. मी तिला बटणं लावायचं काम दिलं. ती माझ्याकडे बसून बटणं लावता लावता म्हणायची, "स्वतःच्या जावेने माझ्या पोटावर पाय दिला." मी मान हलवायचे.

तीन महिने सरले. उन्हाळा लागला होता. सिस्टरनी कोबीचा खराब झालेला वाफा उपसून टाकला आणि तिथे भेंडी लावायची म्हणून खताचा खड्डा उघडला. मी वरून पाहत होते. नेहमीप्रमाणे त्यांनी मोठी चाळण लावली आणि फावड्याने खत चाळायला घेतलं. अर्धा खड्डा उपसल्यावर त्या अचानक थांबल्या. वाकून काहीतरी उचललं, टाकीपाशी नेऊन धुतलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. अर्धा तास बसून होत्या. एवढा वेळ मी त्यांना रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना काय सापडलं ते मला खूप नंतर कळलं. कोंबडीच्या पायांची हाडं सापडली होती आणि त्यांत अडकलेल्या दोन लाल कड्या. सिस्टरच्या कोंबड्यांना कड्या नव्हत्या. धाकटीच्या जुन्या कोंबड्यांना हिरव्या आणि पिवळ्या असायच्या. लाल कुणालाच नव्हत्या.

त्या कड्या ओंजळीत घेऊन सिस्टर फाटकातून पलीकडे गेल्या. धाकटी दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"या कुणाच्या?" सिस्टरनी विचारलं.

धाकटीने एकदा पाहिलं. नाकबूल केलं नाही. म्हणाली, "बाजारात दोन नव्या मिळाल्या होत्या. स्वस्तात देत होता."

"वेगळ्या ठेवल्या होत्यास?"

"नाही."

"कधी मेल्या?"

"मंगळवारी. तुमच्या मरायच्या चार दिवस आधी."

"आणि माझ्या खड्ड्यात पुरल्यास. माझ्या कोंबड्या दिवसभर तिथे उकरतात हे माहीत असून."

"माझ्याकडची जमीन कडक आहे," धाकटी म्हणाली. "ताजी खणलेली दिसली असती. तुमचा खड्डा रोजच खणलेला असतो. मला काय माहीत रोग आहे म्हणून. वाटलं, प्रवासाने मेल्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता."

"गेले असते."

"म्हणूनच."

सिस्टर म्हणाल्या, "त्या डॉक्टरसमोर खोटं बोललीस ते एक वेळ जाऊ दे. तेव्हा तुला भीती वाटली असेल. पण हे तीन महिने? लोक मला काय काय म्हणाले ते तू ऐकत होतीस. आता तरी सांगशील?"

धाकटीने ओली चादर पिळली. "नाही ताई. मला लोकांच्या दारात काम मागायला जायचं असतं. तुम्हाला नाही जावं लागत." आणि मग जे बोलली ते सिस्टरना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. "आणि मला एकटीला काय विचारता. भावोजींनी पाहिलं होतं मला. त्यांना विचारा की."

फिटर पुढच्या खोलीत नळाची चावी दुरुस्त करत बसले होते. सिस्टरनी कड्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"तुम्ही पाहिलं होतं?"

त्यांनी पकड खाली ठेवली. "पाहिलं होतं. पाणी यायच्या वेळेला मी टाकीपाशी गेलो तर ती खड्ड्यात फावडं मारत होती. पंख दिसला."

"आणि बोलला नाहीत."

"मला वाटलं, एक-दोन कोंबड्या मेल्या असतील. एवढं काय."

"तेव्हाचं सोडा. माझ्या तीन मेल्या त्या सकाळी?"

त्यांनी नळाची चावी हातात घेऊन फिरवली.

"ती माझ्याकडे बोट दाखवत होती, तुम्ही माझ्या मागे उभे होतात. तेव्हा?"

"अगं, तिला सगळी गल्ली खायला उठली असती. एकटी बाई. भाऊ गेला तेव्हा मी त्याच्या चितेपाशी शब्द दिला होता, तिला काही होऊ देणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तुझं काय, तुला चालून जातं. दवाखान्यात काय काय सोसलंयस तू. मला वाटलं, चार दिवस बोलतील, विसरतील."

"मला चालून जातं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. तेच शब्द त्यांनी फक्त परत उच्चारले.

त्या दिवसापासून सिस्टरनी नवऱ्याशी भांडण केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं फिटरच पुढे मला म्हणाले. जेवायला वाढायच्या, कपडे धुऊन ठेवायच्या, रक्तदाबाची गोळी वेळेवर हातात द्यायच्या. पण बोलणं कामापुरतं. "आंघोळीचं पाणी काढलंय." "उद्या गॅस येणार आहे." चाळीस वर्षांच्या संसारात तोंडाला चव आणणारं जे फालतू बोलणं असतं, अमका आला, तमकी काय म्हणाली, ते बंद पडलं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली, ती म्हणजे फाटक तारेने बांधून टाका. फिटरनी निमूट बांधलं.

बंदी उठल्यावर गल्लीत परत कोंबड्या आल्या. धाकटीने दहा आणल्या. मीही तीन आणल्या. वर्षभराने फिटरनी एके दिवशी खोक्यातून सहा पिल्लं आणली आणि खुराडं धुऊन काढायला घेतलं. सिस्टर बाहेर आल्या, पिल्लांकडे पाहिलं, एक उचलून त्याचे डोळे तपासले, पाय तपासले. पिल्लं चांगली होती. खोकं तसंच उचललं आणि गल्लीच्या त्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिथल्या बाईला देऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "खुराड्याचे पत्रे काढून टाका. भोपळ्याला मांडव हवाय."

मांडव करतानाच ते झालं. फिटर शिडीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि घरी दीड महिना अंथरुणावर. आता सिस्टर कशी सेवा करतील ते काय सांगायला हवं? दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर, व्यायाम, भांडं देणं, काढणं. एवढ्या दिवसांत पाठीला एक लाल ठिपका पडू दिला नाही. उशांचे जुने अभ्रे फाटले म्हणून त्या नवे शिवून घ्यायला माझ्याकडे आल्या. कितीतरी महिन्यांनी आल्या होत्या. मी अभ्रे शिवत होते आणि माझ्याकडून राहवलं नाही. मी म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी दुकानात मी काही बोलले नाही, त्याबद्दल..."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू तिथे होतीस."

मग का कुणास ठाऊक, खाली बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. कड्या, मंगळवार, टाकी, सगळं. डोळ्यांत पाणी नाही. रुग्णाची माहिती पुढच्या पाळीच्या नर्सला सांगावी तसं. शेवटी म्हणाल्या, "काल यांनी विचारलं, अजून रागावली आहेस का. मी म्हटलं, हो."

"मग ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. मी कूस बदलून दिली." अभ्रे मोजून घेऊन त्या उठल्या.

मी ही गोष्ट कुणाला सांगितली का? नाही. धाकटी रोज माझ्याकडे बटणं लावायला येत होती. तिचा हात चांगला बसला होता आणि माझ्याकडे कामाची गर्दी होती. सांगितलं असतं तर ती यायची थांबली असती. एवढंच कारण, दुसरं नाही.

फिटर काठी घेऊन चालू लागले. घराबाहेर पडायची परवानगी मिळाली त्या पहिल्या दिवशी ते थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मी तिथे दोऱ्याची रिळं घेत होते. दुकानात पाच-सहा माणसं होती. फिटर काउंटरला टेकून उभे राहिले, दम खाल्ला आणि म्हणाले, "मला एक सांगायचंय. तो रोग आमच्या घरातून आला नव्हता. माझ्या भावजयीच्या दोन कोंबड्या आधी मेल्या होत्या. तिने त्या आमच्या खतात पुरल्या. मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गप्प बसलो. बायकोला उगाच बोल लागला."

आयुष्यात ते एका दमात एवढं कधी बोलले नसतील.

दुकानदार कांदे तोलत होता. त्याने तराजूवरून मान वर केली आणि म्हणाला, "जाऊ द्या हो फिटर. दीड वर्ष झालं. आता काय त्याचं." गिरणीवाली बाई म्हणाली, "पाय कसा आहे आता?" एकजण बाहेर पडता पडता दुसऱ्याला म्हणाला, तेही ऐकू जाईल असंच, "सिस्टरनी पढवून पाठवलेलं दिसतंय. अंथरुणावर असताना घोकून घेतलं असेल." त्यावर दोघे हसले. फिटर त्या हसणाऱ्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला मात्र ठाऊक होतं. आता म्हणावं, ते खरं सांगतायत, मलाही माहीत आहे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "पांढरी किती आणि काळी किती?" आणि मी रिळं मोजायला लागले.

दोन दिवसांत धाकटीकडेही ते पोचलं. ती माझ्याकडे बसून बटण लावत म्हणाली, "म्हातारपणी माणूस बायकोच्या ताब्यात जातो, दुसरं काय." एवढं बोलून तिने दोरा दातांनी तोडला.

फिटर घरी गेले तेव्हा काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. सिस्टर भेंडी तोडत होत्या. हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "दुकानात सांगून आलो मी."

"काय?"

"सगळं."

सिस्टरनी टोपली खाली ठेवली. "काय म्हणाले लोक?"

फिटरना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "म्हणाले, आता काय त्याचं."

सिस्टरनी मान डोलावली. डॉक्टरने वाईट बातमी सांगावी आणि ती आपल्याला आधीच माहीत असावी, तशी. मग म्हणाल्या, "उन्हात बसू नका. आत चला, पाय वर घेऊन पडायचंय तुम्हाला." आणि त्यांना काखेत हात घालून उठवलं.

आता सिस्टर सत्तरीच्या आहेत. परसात भाजी अजून येते, घरात दोघांना पुरून उरेल अशी. उरलेली सिस्टर गल्लीत कुणाला देत नाहीत. आठवड्यातून एकदा दोन पिशव्या भरून बसने आपल्या जुन्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पोचवून येतात. परवा धाकटीला सणकून ताप भरला. शेजारणी सिस्टरना बोलवायला गेल्या नाहीत, लाज वाटली असावी. सिस्टरना पलीकडून खोकला ऐकू आला. फाटक बांधलेलं, म्हणून त्या पुढच्या दाराने, अख्खा वळसा घालून तिच्या घरी गेल्या. ताप मोजला, छाती ऐकली, दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली आणि तिच्याशी जेवढं विचारायला हवं तेवढंच बोलल्या.

"तीन दिवस काय करत होतीस?" त्यांनी विचारलं नाही. रिक्षा गेल्यावर आल्या तशाच वळसा घालून घरी गेल्या आणि टाकीपाशी उभं राहून कोपरापर्यंत हात धुतले.